पहिल्या महिन्यात केस कापले तर मामा जातो म्हणे! (चिनी वसंत सण, ड्रॅगन आणि न्हावी)

जिनानची_मीरा | २४ फेब्रुवारी २०२६

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही चीनमध्ये, शांतुंग प्रांतातल्या जिनानला राहतो. १७ फेब्रुवारीला इथलं नवं वर्ष लागलं, घोड्याचं. दारावर लाल कागद चिकटवून झाले, मोदकाचे चुलतभाऊ शोभतील असे च्याओत्सं खाऊन झाले. माझा प्रश्न त्यापुढचा आहे.

लेकाचे केस डोळ्यांवर यायला लागलेत. परवा त्याला घेऊन खाली न्हाव्याकडे निघाले, तर लिफ्टमध्ये शेजारच्या आजींनी माझा हातच धरला. पहिला महिना संपेपर्यंत कात्री लावायची नाही, लावली तर मुलाचा मामा मरतो! दुसऱ्या महिन्याची द्वितीया उजाडली की मात्र सगळ्यात आधी न्हावी गाठायचा, कारण त्या दिवशी ड्रॅगन डोकं वर काढतो. यंदा ती द्वितीया २० मार्चला आहे.

मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ, चिंचवडला असतो. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "ताई, महिनाभर वेणी घाल हवं तर, पण रिस्क नको."

हे नेमकं काय प्रकरण आहे? मामाचा काय संबंध? ड्रॅगन डोकं कुठून वर काढतो? आणि इथली तरुण मंडळी हे खरंच पाळतात का? आजींना विचारलं तर "असंच असतं" एवढंच उत्तर मिळतं, जे मला माझ्या आजीकडूनही मिळायचं.

---

तात्या_डोंबिवली

तीन भाच्यांचा मामा या नात्याने धागा वाचला आणि लगेच तिघांना मेसेज टाकला. एकाचं उत्तर आलंय: "मामा, गाडीचे हप्ते संपलेत का?"

---

खगोलवेडा

मीराताई, ड्रॅगन डोकं वर काढतो तो आकाशात. आजींना सांगा, रात्री गच्चीवर जाऊन पूर्वेला बघा.

चिनी आकाशाचे चार मोठे भाग आहेत आणि त्यातल्या पूर्वेच्या भागावर निळा-हिरवा ड्रॅगन पसरलेला आहे. आपली जशी २७ नक्षत्रं, तशी त्यांची २८. त्यातली सात या ड्रॅगनच्या वाट्याला येतात. पहिलं 'शिंग', त्यातला मुख्य तारा म्हणजे आपली चित्रा. मग मान, मग छातीकडचा भाग (आपली विशाखा), पुढे अनुराधेच्या ताऱ्यांजवळ धड, ज्येष्ठेचा तांबडा तारा हे त्याचं हृदय आणि मूळ नक्षत्र ही शेपटी. आपल्याला विंचवाचा आकडा दिसतो तिथे त्यांना ड्रॅगनची शेपूट दिसते. आणि गंमत म्हणजे स्वाती त्यांच्याकडे 'मोठं शिंग' आहे.

हिवाळ्यात संध्याकाळी हा सगळा प्राणी क्षितिजाखाली असतो. वसंतात अंधार पडल्यावर पूर्वेला आधी शिंग वर येतं, अंग मागाहून. हेच डोकं वर काढणं. इसवी सन १०० च्या सुमारास श्यू शन या विद्वानाने केलेल्या कोशात ड्रॅगनबद्दल लिहिलंय की तो वसंतसंपाताला आकाशात चढतो आणि शरदसंपाताला खोल डोहात जाऊन लपतो. त्या काळी मार्चच्या विशीत सूर्य मावळता मावळता चित्रा उगवत असे. अयनचलनामुळे (पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश फिरतो, म्हणून) आता उशीर होतो, जिनानला २० मार्चला रात्री आठ-सव्वाआठला उगवेल. उंच इमारती आडव्या आल्या तर आणखी उशिरा.

---

वेलदोडे

स्वाती म्हणजे ड्रॅगनचं शिंग! आता माझ्या जावेकडे बघायची दृष्टीच बदलली.

---

बखरकार

खगोलवेडा, उत्तम. भर घालतो. १९८७ मध्ये हनान प्रांतात फूयांगजवळ नवाश्मयुगातलं एक थडगं सापडलं, सहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं. मधोमध माणसाचा सांगाडा, त्याच्या पूर्वेला शिंपल्यांनी रचलेला ड्रॅगन आणि पश्चिमेला शिंपल्यांचाच वाघ. पूर्वेला ड्रॅगन, पश्चिमेला वाघ ही वाटणी पुढे चिनी आकाशात कायम राहिली. त्या काळच्या लोकांच्या मनात आकाश होतं की नाही यावर वाद घालता येईल, पण पूर्वेचा ड्रॅगन जुना आहे यावर नाही.

आता मामा. १६४४ मध्ये मांचू लोकांनी पेइचिंग घेतलं आणि पुढच्या वर्षी हुकूम काढला की सगळ्या हान, म्हणजे बहुसंख्य चिनी, पुरुषांनी कपाळावरचे केस भादरून मागे वेणी ठेवायची. हुकमाचा सारांश लोकांच्या तोंडी असा होता: डोकं ठेवायचं तर केस जातील, केस ठेवायचे तर डोकं जाईल. खरोखर डोकी गेली. शांतुंगमधल्याच एका जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडची हकिकत आहे की जुन्या मिंग राजवटीच्या आठवणीसाठी लोक पहिल्या महिन्यात डोकं भादरेनात. 'जुन्याची आठवण' आणि 'मामाचं मरण' हे चिनीत ऐकायला जवळजवळ सारखं लागतं. राजकारण विसरलं गेलं, मामा अडकला.

---

तात्या_डोंबिवली

म्हणजे मांचूंचं भांडण मिंगांशी आणि बळी मामाचा. सगळ्या देशांत मामाच गरीब.

---

पेइचिंगकर

मी बारा वर्षं पेइचिंगला काढली, आता पुण्यात. मीराताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: शहरातली तरुण मंडळी तोंडाने "अंधश्रद्धा" म्हणतात आणि नव्या वर्षाच्या आधीच्या आठवड्यात न्हाव्याकडे ही रांग लावतात. म्हणजे महिनाभर प्रश्नच येऊ नये. मग द्वितीयेला पुन्हा रांग. मधला महिना न्हावी माशा मारतो. माझ्या ऑफिसातला एक पोरगा मुद्दाम मधे केस कापून आला होता. "मला मामा नाही, आईला तीन बहिणीच आहेत," असं त्याने आल्या आल्या जाहीर केलं. कोणी विचारलंही नव्हतं.

लहान मुलांचे केस द्वितीयेला कापणं मात्र हौसेने होतं. ड्रॅगनने डोकं वर काढलं तसं आपल्या पोरानेही काढावं, नाव काढावं, एवढीच भावना. मीराताई, २० तारखेला जाणार असाल तर सकाळी दुकान उघडायच्या आधी पोचा.

---

काकूंचा_डबा

वाचतेय. त्या दिवशी खायला काय असतं? कोणी सांगेल का?

---

पेइचिंगकर

काकू, त्या दिवशी ताटात अख्खा ड्रॅगन असतो. शेवया खाल्ल्या की त्या ड्रॅगनच्या मिशा. पातळ पोळ्या खाल्ल्या की खवले. च्याओत्सं हे ड्रॅगनचे कान. पदार्थ रोजचेच, फक्त त्या दिवसापुरतं नाव बदलतं. पेइचिंगमध्ये पोळीत मोड आलेले मूग, पालक, अंडं आणि डुकराचं मांस गुंडाळून खातात.

शांतुंगमध्ये भाजलेले दाणे हवेतच. सोयाबीन किंवा हरभरे वाळूत भाजून साखरेत घोळवतात. काही ठिकाणी मक्याच्या लाह्या. त्यामागे गोष्ट आहे. वू त्स-थ्यान ही बाई ६९० मध्ये स्वतः सम्राट झाली, चीनच्या इतिहासात एकटीच. स्वर्गातल्या सम्राटाला ते रुचलं नाही. त्याने हुकूम केला, पृथ्वीवर तीन वर्षं पाऊस पाडायचा नाही. एका ड्रॅगनला माणसांचे हाल बघवेनात, त्याने चोरून पाऊस पाडला. शिक्षा म्हणून त्याला डोंगराखाली कोंडलं आणि वर पाटी लावली: सोन्याच्या दाण्यांना फुलं येतील तेव्हा सुटका. लोक शोधून थकले. शेवटी कोणाच्या तरी लक्षात आलं की पिवळा मका भाजला की फुलतो. द्वितीयेला घरोघरी लाह्या फोडल्या, वरून बघणाऱ्याला अंगणाअंगणात सोन्याची फुलं दिसली, ड्रॅगन सुटला आणि पहिली गोष्ट त्याने काय केली तर पाऊस पाडला.

---

बखरकार

गोष्ट गोड आहे, पण मका अमेरिकेतला. कोलंबसानंतर, सोळाव्या शतकात चीनमध्ये आला. ६९० मध्ये लाह्या कशाच्या फोडल्या?

---

काकूंचा_डबा

बखरकार भाऊ, साबुदाणा, बटाटा, मिरची आणि शेंगदाणे हे सगळं अमेरिकेतून आलेलं खाऊन आपण एकादशी करतो. देवाने अजून चौकशी लावलेली नाही.

---

वेलदोडे

काकूंना +१००. आणि रताळंपण.

---

शिराळकर

मी मूळचा बत्तीस शिराळ्याचा, जिल्हा सांगली. पेइचिंगकरांचा प्रतिसाद वाचताना अंगावर काटा आला म्हटलं तरी चालेल. दाणे भाजायचे, लाह्या फोडायच्या... ही तर आमची नागपंचमी! ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, दूध. त्या दिवशी आमच्याकडे भाजी चिरत नाहीत, तवा चढवत नाहीत, जमीन खणत नाहीत, नांगर धरत नाहीत. म्हणून तर उकडलेले दिंड करतात. नांगराखाली नागिणीची पिल्लं मेल्याची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. चीनमध्ये त्या दिवशी अशी काही बंधनं असतात का?

---

पेइचिंगकर

असतात! बायका त्या दिवशी सुई हातात घेत नाहीत, ड्रॅगनच्या डोळ्यात जाईल म्हणून. जातं फिरवत नाहीत, त्याचं डोकं चिरडेल. काही गावांत विहिरीत बादली सोडत नाहीत, तीही डोक्यात बसेल. उलट काही भागांत पहाटे उठून मुद्दाम पाणी आणतात, त्याच्याबरोबर ड्रॅगन घरी येतो म्हणे.

आणि राखेची रांगोळी असते. चुलीतली राख घेऊन दारापासून किंवा विहिरीपासून थेट स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या रांजणापर्यंत नागमोडी रेघ ओढत आणायची. ड्रॅगनला वाट दाखवायची असते. शांतुंगमध्ये याच राखेने अंगणात मोठी वर्तुळं काढतात, ती कणगी समजायची. मधोमध मूठभर धान्य ठेवायचं. राखेने किडामुंगी दूर राहते हा व्यवहारही आहेच, कारण याच सुमारास थंडीत जमिनीखाली झोपलेले किडे जागे होतात. पंचांगात ५ मार्चच्या आसपासच्या पंधरवड्याचं नावच 'किडे दचकून उठतात' असं आहे.

---

शिराळकर

सुई नको, लाह्या हव्यात, जमिनीखालचा प्राणी दुखवायचा नाही, पाऊस मागायचा. आता याला योगायोग म्हणायचं का? बौद्ध धर्माबरोबर नाग चीनला गेले हे तर इतिहासात आहे.

---

बखरकार

नाग गेले हे खरं. संस्कृत ग्रंथ चिनीत आणताना भिक्षूंनी 'नाग'साठी ड्रॅगनचाच शब्द वापरला आणि 'नागराजा'चा 'ड्रॅगनराजा' झाला. समुद्रतळाशी महाल, रत्नं, राण्या, दरबार असलेला ड्रॅगनराजा हा चिनी कथांमध्ये बौद्ध धर्मानंतरच मोठा झाला. तोवरचा चिनी ड्रॅगन पाऊस आणायचा, पण त्याला कोणी राजा म्हणत नव्हतं. नंदोपनंद नागांची नावं आजही तिकडच्या सूत्रांमध्ये आहेत.

पण म्हणून सुई आणि लाह्या शिराळ्याहून गेल्या असं होत नाही. द्वितीयेला 'ड्रॅगनचं डोकं वर काढणं' हे नाव आपल्याला लेखी सापडतं ते युआन काळात, म्हणजे मंगोल राजवटीत. तोवर बौद्ध धर्माला चीनमध्ये हजार वर्षं उलटून गेली होती. मधले दुवे दाखवा, मी मान्य करतो. जमिनीखाली जपायचा प्राणी आहे असं मानलं की कोणत्याही शेतकऱ्याला टोकदार वस्तू खाली ठेवाव्याशा वाटणारच. त्यासाठी भिक्षू कशाला यायला हवा?

शिवाय महिना बघा. नागपंचमी श्रावणात, पाऊस चालू असताना. त्यांची द्वितीया पाऊस येण्याआधी.

---

शिराळकर

तुम्ही पुण्याचे का हो?

---

बखरकार

नाशिकचा. पण धन्यवाद.

---

निळावंती

सगळ्यांची माफी मागून विचारते. सात वर्षांच्या पोराला "तू केस कापलेस तर मामा मरेल" हे सांगणं बरोबर आहे का? उद्या मामाला साधा ताप आला तर ते लेकरू स्वतःला दोषी समजेल. परंपरा म्हणून लाह्या खा, शेवया खा, पण हा भाग सोडून द्या की.

---

जिनानची_मीरा

निळावंती, मुद्दा पटला. त्याच्यासमोर मामाचा विषय काढलेला नाही, त्याला "२० तारखेला ड्रॅगनवाला हेअरकट" एवढंच माहीत आहे आणि तो जाम खूश आहे. आजींशी वाद घालण्याइतकी चिनी मला येत नाही, आणि येत असती तरी घातला नसता. नवं वर्ष लागलं त्या रात्री त्यांनी आमच्याकडे डबाभर च्याओत्सं पाठवले होते.

---

पाटकरी

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे माझी नजर वेगळी. धाग्यात सगळे ड्रॅगनबद्दल भक्तिभावाने बोलताहेत. मी जेवढं वाचलंय त्यावरून चिनी माणसाने ड्रॅगनला देव कमी आणि आमच्या खात्यातला उपअभियंता जास्त मानलाय. पाणी सोडायचं काम त्याचं, पण किती आणि कधी सोडायचं ते वरून लेखी येणार. हयगय केली तर कारवाई.

'पश्चिमेच्या प्रवासा'तली, म्हणजे माकडराजाच्या कादंबरीतली गोष्ट बघा. चिंग नदीच्या ड्रॅगनराजाने एका ज्योतिषाशी पैज लावली, उद्या किती पाऊस पडेल याची. ज्योतिषाने आकडा सांगितला तीन फूट तीन इंच आणि वर ४८ थेंब (फूट-इंच तिकडचे). संध्याकाळी स्वर्गातून हुकूम आला, तर तोच आकडा! पैज हरू नये म्हणून ड्रॅगनराजाने पाऊस दोन तास उशिरा पाडला आणि तीन इंच आठ थेंब कमी पाडला. एवढ्यासाठी त्याला मृत्युदंड. शिरच्छेद करणारा कोण, तर थांग सम्राट थायत्सोंगचा मंत्री वेइ चंग. ड्रॅगनने रात्री सम्राटाच्या स्वप्नात येऊन गयावया केली. सम्राटाने शब्द दिला आणि दुसऱ्या दिवशी वेइ चंगला पटावर खेळायला बसवून ठेवलं, म्हणजे तो जागचा हलणार नाही. मंत्र्याला खेळता खेळता डुलकी लागली आणि त्याने स्वप्नात जाऊन ड्रॅगनचं मुंडकं उडवलं. आठ थेंबांची तफावत! आमच्या काळात कालव्यातलं अर्धं पाणी गायब झालं तरी नुसता खुलासा मागवायचे.

मीराताईंच्या सणाशी याचा थेट संबंध आहे. त्या ड्रॅगनचं भूत मग सम्राटाच्या महालाबाहेर रात्री आरडाओरडा करायला लागलं. चिन शू-पाओ आणि यू-छ कुंग या दोन सेनापतींनी दाराशी पहारा दिला तेव्हा कुठे ते थांबलं. रोज रात्री जागवणार किती, म्हणून सम्राटाने त्यांची चित्रं काढून दारावर लावली. नव्या वर्षाला दाराच्या दोन फळ्यांवर जे दोन चिलखती वीर चिकटवतात ते हेच.

---

जिनानची_मीरा

पाटकरीकाका, आमच्या सोसायटीच्या गेटवर आहेत ते! एक गोरा आणि एक काळा. मला वाटलं सिक्युरिटी कंपनीची जाहिरात आहे.

---

पाटकरी

कामाचं स्वरूप तेच.

कथा सोडा, प्रत्यक्षातही असंच. दुष्काळ पडला की गावकरी आधी नैवेद्य दाखवायचे, नाटक करायचे, मिरवणूक काढायचे. तरीही पाऊस नाही आला की ड्रॅगनराजाची मूर्ती देवळातून काढून भर उन्हात ठेवायचे. बघ म्हणावं कसं वाटतं. आणि १८८८ च्या एप्रिलमध्ये कँटनला उलटी अडचण झाली. पाऊस थांबेचना. मँडरिन मंडळींनी, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांनी, प्रार्थना केल्या, ड्रॅगनराजाने दाद दिली नाही, तेव्हा त्याला पाच दिवस कोठडीत टाकलं. पाऊस थांबला आणि साहेबांची सुटका झाली. त्याच्या काही वर्षं आधी दुष्काळात याच मूर्तीला साखळदंड घालून देवळाच्या अंगणात उन्हात बसवलं होतं.

याहून भारी म्हणजे एका फ्रेंच पाद्र्याने लिहून ठेवलेली हकिकत. सम्राट च्याछिंगने पाऊस न पाडणाऱ्या ड्रॅगनला पार पश्चिमेला, ईली नदीच्या मुलखात तडीपार केलं. शिक्षेची अंमलबजावणी सुरू झाली. ड्रॅगनला त्या वाळवंटातून चालत जाताना बघून दरबाऱ्यांना दया आली, त्यांनी सम्राटाचे पाय धरले आणि मग माफी मिळाली. म्हणजे बदली रद्द.

---

तात्या_डोंबिवली

बदली गडचिरोलीला, वशिला मंत्रालयातून. सगळं ओळखीचं वाटतंय.

---

शिराळकर

काका, देवाला शिक्षा करण्यात आपण मागे नाही. पाऊस लांबला की गाभाऱ्यात पाणी भरून महादेवाची पिंड बुडवायची रीत कित्येक गावांत होती. 'देव पाण्यात घालून बसणं' त्यातूनच आलं. ते उन्हात ठेवतात, आपण पाण्यात.

---

निळावंती

आणि बेडकीचं 'धोंडी धोंडी पाणी दे'. कडुलिंबाचा पाला बांधून दारोदार फिरणारी पोरं मी लहानपणी लातूरकडे बघितली आहेत.

---

बखरकार

शिराळकर, इथे मात्र मी तुमच्या बाजूने. पावसावर जगणारा माणूस देवाशी असाच वागतो, लाच देतो, रुसतो, धमकी देतो. त्यासाठी कोणी कोणाकडून शिकावं लागत नाही. (म्हणजे नागपंचमीबद्दलचा माझा मुद्दा कायम.)

उत्तर चीनमध्ये हा प्रश्न किती टोकाचा असतो ते लक्षात घ्या. जिनानकडचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. गहू पेरतात ऑक्टोबरात, कापतात जूनच्या सुरुवातीला. म्हणजे मार्चमध्ये गहू थंडीतून उठून हिरवा होतो तेव्हा त्याला पाणी हवं असतं आणि आकाश कोरडं ठणठणीत असतं. 'वसंतातला पाऊस तेलाइतका महाग' अशी म्हणच आहे त्यांची. द्वितीयेला ड्रॅगनला उठवायची घाई का, ते यातून कळतं. दक्षिणेत, भातशेतीच्या भागात, पाण्याची इतकी मारामार नाही. तिथे या तिथीला अनेक ठिकाणी जमिनीच्या देवाचा, थू-ती कुंगचा वाढदिवस करतात आणि ड्रॅगन बाजूला पडतो.

---

खगोलवेडा

थोडं अवांतर. यंदा गुढीपाडवा १९ मार्चला आणि त्यांची द्वितीया २० मार्चला, हे कोणाच्या लक्षात आलं का? एरवी ही तिथी पाडव्याच्या महिनाभर आधी, आपल्या फाल्गुनात येते. २०२५ मध्ये १ मार्चला होती आणि पाडवा ३० मार्चला. दोन्ही पंचांगं चांद्र-सौर, दोघांनाही अधिक महिना घालावा लागतो. त्यांनी तो गेल्या वर्षीच सहाव्या महिन्यात घातला, आपला अधिक ज्येष्ठ यंदा मे-जूनमध्ये आहे. तोपर्यंत ते आपल्या जोडीने चाललेत.

---

वेलदोडे

म्हणजे मीराताईंनी १९ ला गुढी उभारायची आणि २० ला ड्रॅगन. बाल्कनी पुरेल ना?

---

अनाहूत_पाहुणा

सिंगापूरहून. इथे न्हाव्याचं कोणी मनावर घेत नाही, ड्रॅगन म्हटला की मुलांच्या जन्माचं वर्ष. ड्रॅगनच्या वर्षी मूल झालं की ते भाग्यवान. १९८८, २०००, २०१२ मध्ये जन्म वाढले, नंतर त्या मुलांना शाळेत प्रवेशाला गर्दी. २०२४ मध्ये सरकारही आशेवर होतं, पण जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) ०.९७ वर होता तिथेच राहिला. चीनमध्ये मात्र २०२३ ला ९०.२ लाख जन्म होते ते २०२४ ला ९५.४ लाख झाले.

आणि यंदाचं वर्ष साधा घोडा नाही, 'अग्नी-घोडा' आहे. साठ वर्षांतून एकदा येतो. जपानमध्ये समजूत होती की या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते. १९६५ मध्ये तिथे १८ लाखांवर जन्म होते, १९६६ मध्ये ते साडेतेरा लाखांच्या आसपास आले.

---

निळावंती

मंगळवाल्या मुलींच्या आया हे वाचून जपानला फोन लावतील. मुलगी नवऱ्याला खाते, भाचा मामाला खातो. या समजुतींमध्ये कधी नवरा बायकोला खातो का?

---

काकूंचा_डबा

निळावंती, बस ना माझ्या शेजारी. :)

---

पेइचिंगकर

एक राहिलं. बातम्यांत हमखास 'ड्रॅगन नृत्य' म्हणून सिंहनृत्याचा फोटो छापतात. आत दोन माणसं आणि पापण्या फडफडवणारं तोंड असेल तर तो सिंह. काठ्यांवर उचललेलं लांबलचक अंग आणि खाली पळणारी दहा-पंधरा माणसं असतील तर ड्रॅगन. जच्यांग प्रांतात फूच्यांगला तर घरटी एक बाक आणतात, त्यावर कंदील लावतात आणि बाकाला बाक जोडून ड्रॅगन करतात.

---

तात्या_डोंबिवली

मुंबईत हे कुठे बघायला मिळेल? कोलकात्याला टांगऱ्यात असतं असं ऐकून आहे, पण तेवढा प्रवास गुडघ्यांना झेपणार नाही.

---

माझगावचा_मुंगळा

तात्या, डॉकयार्ड रोड स्टेशनवरून चालत. माझगावात सी यिप कून नावाचं चिनी देऊळ आहे, १९१९ सालचं. गोदीत आणि जहाजांवर काम करणाऱ्या कँटनकडच्या लोकांनी बांधलेलं. बाहेरून साधी दुमजली इमारत, पुढून रोज जाणाऱ्यालाही कळत नाही. वरच्या मजल्यावर क्वान कुंग, लाल चेहऱ्याचा योद्धा. नव्या वर्षाच्या रात्री उदबत्त्यांचा एवढा धूर असतो की डोळे चुरचुरतात. पूर्वी बरीच कुटुंबं होती. १९६२ च्या युद्धानंतर बरेच लोक गेले. राहिलेले त्या रात्री येतात आणि आमच्यासारख्या शेजाऱ्यांनाही कोणी अडवत नाही.

---

जिनानची_मीरा | २१ मार्च

मंडळी, काल जाऊन आलो. पेइचिंगकरांचं ऐकून सव्वाआठला पोचलो तरी पुढे बारा-पंधरा माणसं होती, निम्मी माझ्या लेकाच्या वयाची. त्याच्या पुढच्या मुलाला त्याचा मामाच घेऊन आला होता. भिंतीवर हाताने लिहिलेला दर होता, नेहमीपेक्षा दहा युआन जास्त. न्हाव्याने लेकाच्या कानामागे वस्तऱ्याने छोटा ड्रॅगन कोरून द्यायची तयारी दाखवली, मी शाळेच्या भीतीने नको म्हटलं. ते अजून रुसलंय.

तरुण लोक पाळतात का, याचं माझ्यापुरतं उत्तर: रांगेतल्या एका कॉलेजच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मी मानत नाही, पण माझा मामा मानतो आणि नव्या वर्षाला पैशांचं लाल पाकीट तोच देतो."

येताना काळ्या वाघाच्या झऱ्यावर गेलो. जिनान झऱ्यांचं शहर आहे आणि इथे लोक एरवीही प्लास्टिकचे कॅन घेऊन पाणी भरायला येतात, पण काल गर्दी जास्त वाटली. की मीच आता सगळीकडे ड्रॅगन शोधायला लागले आहे, कोण जाणे.

आजींनी भाजलेल्या हरभऱ्यांची पिशवी दिली. साखरेत घोळवलेले. काकू, हे चक्क साखरफुटाणे आहेत! फक्त साखर बारीक आणि पांढरी, आपल्यासारखी जाड काटेरी नाही. मी त्यांना आदल्या दिवशीचं श्रीखंड दिलं. त्यांनी ते पोळीला लावून, वर कांद्याची पात घालून खाल्लं.

---

काकूंचा_डबा

श्रीखंडावर कांद्याची पात! मीरा, मी दोन मिनिटं खाली बसले.

---

पेइचिंगकर

शांतुंगची माणसं पोळीबरोबर कांद्याची पात खातातच, कच्ची आणि लांबच्या लांब. श्रीखंडाचा दोष नाही.

---

शिराळकर

साखरफुटाण्यांची नोंद घ्यावी, बखरकार.

---

बखरकार

घेतली. दुव्याची वाट बघतोय.

---

माझगावचा_मुंगळा

पुढचं चिनी नवं वर्ष ६ फेब्रुवारी २०२७ ला, बकरीचं. आदल्या रात्री, म्हणजे ५ तारखेला शुक्रवारी, देवळात कट्टा करायचा का? तात्या, जिने आहेत, पण मोजके.

---

तात्या_डोंबिवली

मी नक्की. कट्ट्याचा वेगळा धागा काढा, इथे शिराळकर आणि बखरकार अजून बराच वेळ भांडणार आहेत.